मायचे दोन कॅन्सर

मायच्या छातीबद्दल लिहायचं आहे. काही दोस्त म्हणतील, हा काय विषय झाला? मोर्च्यावर लिही, जमिनीवर लिही, जंगलावर लिही. तेही लिहिलंय. पण मायच्या छातीत गाठ होती आणि सात महिने घरात कुणाला पत्ता नव्हता. छाती हा शब्दच आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं. अन् घर कुणाचं? कार्यकर्त्याचं. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीमाय. विहारात बायांच्या मुक्तीवर मी स्वतः भाषणं ठोकलेली. म्हणून हे लिहितो. ज्याला लाज वाटेल त्यानं पान उलटावं.

आमचं गाव सावली तालुक्यात. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी सगळा एकच चंद्रपूर जिल्हा. जिल्हे दोन झाले तरी धान तोच, तेंदूपत्ता तोच, खर्रा तोच. मायच्या जन्माची नोंद कुठंच नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, तेव्हा ती आजीच्या कडेवर होती, एवढंच आजी सांगायची. त्या हिशेबानं २०१८ साली ती त्रेसष्टच्या आसपास असेल.

मायनं खर्रा कधी धरला तेही तिला आठवत नाही. रोवणीच्या दिवसांत पहाटे चिखलात उतरायचं, दुपारपर्यंत वाकून परे लावायचे. पोटात भूक. तोंडात खर्रा असला की भूक मरते, कंबरेचं दुखणं थोडं विसरतं. रोवणीला नेणारा आमचा ठेकेदार मजुरीबरोबर खर्ऱ्याची पुडी द्यायचा, अन् बाया त्याला भला माणूस म्हणायच्या. सुपारी, तंबाखू, चुना. पन्नीत टाकायचं अन् घोटायचं. आमच्याकडं पाहुणा आला तर चहाच्या आधी खर्रा पुढं होतो. मयतीला खर्रा, बारशाला खर्रा, अन् सांगायला शरम वाटते, भीमजयंतीच्या मिटिंगलाही खर्रा. मी स्वतः वीस वर्षं खाल्ला. मायची पुडी संपली की माझी, माझी संपली की मायची. मायलेकांचं आमचं प्रेम असं पुडीतून चालायचं.

तर २०१७ च्या दिवाळीच्या सुमारास, धान कापताना, तिच्या हाताला डाव्या छातीत गाठ लागली. बोरासारखी. दुखत नव्हती. गाठ दुखत नसली की आपली बाई खूश होते. पण छातीतली गाठ दुखत नाही हेच तर वाईट. बहुतेक वेळा कॅन्सरच्या गाठीला सुरवातीला कळच नसते. हे तेव्हा ना तिला माहीत, ना मला. तिच्या डाव्या गालाच्या आत एक जखम मात्र सगळ्यांना माहीत होती. तिखट लागलं की ती हाय करायची. तोंड आलंय म्हणून गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मलम दिलं. महिने गेले, जखम तिथंच.

२०१८ च्या मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. पहाटे तीनला जंगलात जायचं, पानं तोडायची, दुपारी घरी बसून ७० पानांचं एकेक पुडकं बांधायचं, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचं. बहीण माहेरी आली होती. माय न्हाणीत आंघोळ करत असताना तिला दिसलं. छातीची कातडी एका जागी आत ओढल्यासारखी, लिंबाच्या सालीवाणी. बहीण ओरडली. मी बाहेर पुडके बांधत बसलो होतो. ती माझ्याकडं आली, पण सांगेना. "दादा, मायले शहरात ने," एवढंच म्हणत राहिली. "काय झालं ते सांग ना." तर रडते. शेवटी बायकोनं सांगितलं.

रात्री मी मायजवळ बसलो. "काहून सांगतलं नाई माय?"

"काय सांगू बापू? तू पोरगा माणूस. अन् दुखत नोहतं."

दोस्तांनो, मी हजार माणसांपुढं बोललेलो आहे. त्या रात्री मला पुढं एक शब्द सुचला नाही.

शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. नाव सांगत नाही, नावात काही नाही, असे पुष्कळ आहेत. छातीच्या गाठीत सुई घालून तपासलं. कॅन्सर निघाला. मग डॉक्टरनं टॉर्च घेऊन तोंडात पाहिलं. गालातली जखम दिसली. त्यानं मान हलवली अन् मला बाहेर बोलावलं. म्हणाला, छातीचा तोंडापर्यंत पसरला आहे. शेवटचा टप्पा. घरी न्या. जे खावंसं वाटेल ते खाऊ घाला.

मी विचारलं नाही, तोंडातलं कशावरून तेच? मी कलेक्टरला विचारतो, तहसीलदाराला विचारतो, वनखात्याला विचारतो. डॉक्टरला विचारलं नाही. पांढरा कोट दिसला की आपली जीभ अजून टाळूला चिकटते.

घरी आणलं. मोहल्ला जमला. बाया येऊन बसू लागल्या. अन् मी काय केलं? डॉक्टर म्हणाला होता, खावंसं वाटेल ते द्या. मायला काय खावंसं वाटायचं? खर्रा. रोज संध्याकाळी मी चौकात जाऊन ताजा घोटून आणायचो. तिला तिखट चालत नव्हतं, भात गिळताना त्रास व्हायचा, पण खर्रा उजव्या गालात धरून ती शांत बसायची. मला वाटायचं, मरताना तरी मायची एक इच्छा पुरी करतोय. तीन आठवडे मी हे केलं. माझ्या हातानं.

आमच्या मोहल्ल्यातली एक पोरगी नर्सिंगचा कोर्स करत होती. सुटीत घरी आली, मायला भेटायला आली. रिपोर्ट मागितला. दोनदा वाचला. मग म्हणाली, "दादा, हा तर फक्त छातीचा रिपोर्ट आहे. तोंडातला तुकडा तपासला का?"

मी म्हणालो, नाही, ते पसरलेलं आहे.

"कशावरून? छातीचा पसरला तर हाडात जातो, फुप्फुसात जातो, लिव्हरमध्ये जातो. गालात क्वचितच. मावशी खर्रा खाते. हा वेगळा असेल."

बसलेल्यांपैकी एक काका म्हणाले, कालची पोर डॉक्टरला शिकवते. मीही त्यांच्यात होतो. मनातल्या मनात मीही तेच म्हटलं. ती पोरगी मात्र हटली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिच्या हट्टानं आम्ही नागपूरला गेलो. गालातला तुकडा काढून तपासायला दिला, छातीतलाही पुन्हा दिला.

आठ दिवसांनी कळलं. दोन कॅन्सर. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून समजावलं. पसरलेला कॅन्सर जिथून निघाला तिथल्या पेशी सोबत नेतो. छातीचा गालात गेला असता तर गालात छातीच्या पेशी सापडल्या असत्या. तसं नव्हतं. छातीतला दुधाच्या नळीतून उगवलेला होता. गालातला गालाच्या आतल्या कातडीतून. "दोन्हींची जात वेगळी आहे," त्या बोलून गेल्या. जात शब्द ऐकला की मी चमकतो. पण त्या दिवशी त्याच शब्दानं माझी माय परत मिळाली. कारण पसरलेला म्हटला की चौथा टप्पा. वेगवेगळे म्हटले की दोन्ही दुसऱ्या टप्प्यात. दोन्हींवर इलाज होता.

नंतर मी वाचून काढलं. ही गोष्ट नवी नाही. एका शरीरात दोन वेगळे कॅन्सर असू शकतात हे युरोपातल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. १९३२ मध्ये अमेरिकेत वॉरेन आणि गेट्स या दोघांनी त्याच्या अटी ठरवल्या. दोन्ही गाठी कॅन्सरच्याच असल्या पाहिजेत, दोन्ही एकमेकींपासून अलग असल्या पाहिजेत, आणि एक दुसरीतून पसरलेली नाही याची खात्री केली पाहिजे. साध्या तीन अटी. आजही डॉक्टर याच धरून चालतात. दोन्ही सहा महिन्यांच्या आत सापडले तर एकाच वेळचे म्हणतात, त्यानंतर सापडला तर मागाहूनचा. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर कॅन्सरच्या शंभर रुग्णांत दोनापासून सतरापर्यंत लोकांना दुसरा वेगळा कॅन्सर निघालेला आहे. म्हणजे माझी माय काही जगावेगळी नव्हती. तिसऱ्या अटीची खात्री कुणी केली नव्हती, एवढंच.

आणि कारणंही वेगळी. गालातल्याचं कारण आमच्या चौकात पन्नीत घोटलं जातं. नुसती तंबाखूच नाही. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सुपारीसुद्धा कॅन्सर करणारी म्हणून जाहीर केली. सुपारीनं तोंड आतून आवळत जातं, तीन बोटं उभी मावेनाशी होतात. आपल्यातल्या किती जणांच्या तोंडात तीन बोटं मावतात, बघा एकदा. छातीतल्याला असं एकच कारण दाखवता येत नाही. वय, अंगातली हार्मोनं, काही घरांत रक्ताचा वारसा, पुष्कळांत काहीच सापडत नाही. म्हणून बायांनी मायला म्हटलं ते खोटं, की तुझं काही पाप असेल. अन् मी म्हटलं तेही खोटं, की सगळं खर्ऱ्यानंच झालं.

मुंबईला टाटा हॉस्पिटलात नेलं. तेंदूपत्त्याचे पैसे नुकतेच आले होते, तिकिटाला तेच कामी आले. गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात आलं, आम्ही तोडलेलं हे पान कुठं जातं? बिडीत. ती बिडी कुणाच्या तरी बापाच्या छातीत जाते. एका कॅन्सरच्या कमाईवर दुसऱ्याचा इलाज करायला मी निघालोय. यावर काय करायचं हे मला आजही कळलेलं नाही. तेंदूचा हंगाम सोडला तर उन्हाळ्यात आमच्याकडं दुसरी रोकड कुठली आहे?

राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा मिळाली. टाटाचे गरीब पेशंट तिथं राहतात. गाडगेबाबा अन् बाबासाहेब एकमेकांना मानायचे हे मला पुस्तकातून माहीत होतं. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले. त्या म्हाताऱ्याच्या नावाच्या छपराखाली माझी माय सात महिने झोपली. तिथं कोकणातले होते, बिहारचे होते, बंगालचे होते. कुणी कुणाला जात विचारली नाही. विचारायचे ते एवढंच, कुठला? म्हणजे अंगातला कुठला भाग.

जुलैच्या शेवटी ऑपरेशन झालं. दोन्हींचं एकाच दिवशी. छातीवाले डॉक्टर वेगळे, तोंडावाले वेगळे. छातीसाठी काखेतल्या गाठी काढून तपासल्या, तोंडासाठी मानेतल्या. दोन हिशेब, दोन रिपोर्ट. गालाला कापणंच पुरलं. छातीला पुढं औषधाच्या बाटल्या, मग शेक, मग पाच वर्षं रोज एक हार्मोनची गोळी. बघा, एकाला लागतं ते दुसऱ्याला लागत नाही. एकच आजार समजून इलाज केला असता तर दोन्ही राहिले असते. इलाजच न करता घरी ठेवलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको.

६ डिसेंबर २०१८. मायच्या डोक्यावर एक केस नाही. तोंडाला मास्क. म्हणाली, "चैत्यभूमीले नेजो बापू. दरसाल गाडीच्या गर्दीत येतो, अंदा इथंच हावो." डॉक्टरला विचारलं, त्यांनी गर्दीत नेऊ नका म्हणून सांगितलं. ती ऐकेना. पहाटे गर्दी वाढायच्या आधी लांबून दर्शन घडवलं. पांढरी साडी, बोडकं डोकं. एक म्हातारी तिला भिक्खुणी समजून पाया पडायला वाकली. मायनं तिला धरून उठवलं. तिला बोलता येत नव्हतं नीट. रस्त्याच्या कडेला आमच्याच भागातल्या पोरांचा जथा उभा होता. निळे झेंडे, निळे गमछे, घोषणा. अन् घोषणेच्या मध्ये मध्ये लाल पिचकारी. माय त्यांच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या खिशात पुडी होती.

ती पुडी मी तिथं फेकली असं लिहिलं तर छान वाटेल. पण नाही फेकली. दोन दिवसांनी फेकली. २०१९ मध्ये पुन्हा धरली. २०२० मध्ये टाळेबंदीत मिळेना म्हणून सुटली, ती आजवर सुटलेली आहे. स्वप्नात अजून येते.

आता चळवळीबद्दल. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एक नाही, दोन. एकाला मारलं की दुसरा आपोआप मरेल असं ते म्हणाले नाहीत. आपण मात्र सगळ्याला एकच नाव देऊन मोकळे होतो. बाईनं सांगितलं, घरात मार बसतो, तर आपण म्हणतो, आधी जात जाऊ दे. पोरगं खर्ऱ्यानं सडतंय, तर म्हणतो, व्यवस्थेचा दोष. व्यवस्थेचा आहेच. पण म्हणून त्या जखमेचा वेगळा तुकडा काढून तपासायचाच नाही का? त्या डॉक्टरनं मायच्या तोंडात पाहून जे केलं तेच आपण करतो. एक मोठं नाव सापडलं की बाकीचं बघायचंच नाही.

अन् सरकार काय करतं? राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी, अन् खर्रा चौकाचौकात. गडचिरोलीचे पालकमंत्री राहिलेले आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं गेले. मंत्र्याला सोडलं नाही, तिथं आपण कोण? २०१६ पासून गडचिरोलीत दारू आणि तंबाखूविरुद्ध मुक्तिपथचं काम सुरू झालं, काही गावांनी ठराव करून विक्री बंद पाडली. जिथं बाया उठल्या तिथं झालं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं तोंड अन् बायांची छाती तपासायची असं सरकारी कागदावर आहे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांत छाती कधी तरी तपासून घेतलेली एकसुद्धा भरत नाही. तोंडाचंही तेच.

आणि हे अवघड नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून दीड लाख बायांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायांची छाती, शिकवून तयार केलेल्या बायांनी नुसत्या हातानं तपासली. मशीन नाही. २०२१ मध्ये निकाल छापून आला. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशी गाठलेल्या बायांत या कॅन्सरनं मरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटलं. शिकवलेले हात. बस.

माय आज आहे. तोंड दीड बोट उघडतं. भात मऊ करून खाते, आंबील पिते. बोललेलं घरच्यांना कळतं, बाहेरच्यांना नाही. छातीची एक बाजू सपाट आहे, त्याबद्दल आता ती बायांपुढं उघड बोलते, मी समोर असलो तरी. कधी कधी म्हणते, "एक चिमूट दे ना गा." मी उठून बाहेर जातो.

ती पोरगी आता नर्स आहे. पुढच्या पौर्णिमेला वंदना झाली की ती विहारात बायांना छाती कशी पाहायची ते शिकवणार आहे. गाठ दुखत नसली तरी दाखवायची, कातडी ओढली गेली, बोंड आत गेलं, त्यातून रक्त आलं तर दाखवायचं. पुरुषांचं तोंड मी टॉर्चनं बघणार. मी डॉक्टर नाही. पण तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा नाहीतर लाल चट्टा अन् न मावणारी तीन बोटं मलाही दिसतात. दिसलं की दवाखान्यात नेणार, तुकडा तपासायला लावणार. एक कॅन्सर निघाला अन् दुसरीकडंही काही दिसलं, तर त्याचाही वेगळा तुकडा मागणार. खर्चाला महात्मा फुल्यांच्या नावाची योजना आहे. रेल्वेत अन् एसटीत कॅन्सरच्या पेशंटला सवलत आहे. कागद कसे करायचे ते मला पाठ झालंय, कुणीही यावं.

पहिलं तोंड माझंच उघडणार. वीस वर्षं खाल्लाय.